नयनची बोटं आणि मारोतीचा अंगारा

नयनच्या उजव्या हाताची दोन बोटं मळणी यंत्राच्या पट्ट्यात गेली, तेव्हा त्याच्या डाव्या हातात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी होती. ती त्यानं सोडली नाही. पाहणाऱ्यांनी ही गोष्ट नंतर गावात कौतुकानं सांगितली.

सोयाबीनची गंजी निम्मी संपली होती आणि आभाळ भरून आलं होतं. पट्टा सारखा घसरत होता. "बंद करून राळ लावू," असं यंत्रवाला ऋतिक म्हणाला खरा, पण त्याचं इंजिन एकदा बंद झालं की पुन्हा सुरू व्हायला माणसाचा अंत पाहत असे. म्हणून नयननं चालत्या पट्ट्यावरच राळेचा खडा धरला. राळ लागली. पट्ट्यानं आता नीट पकड घेतली, ती पहिल्यांदा नयनच्या बोटांवर घेतली.

प्रेरणा, त्याची बायको, पाण्याची कळशी घेऊन शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून येत होती. तिला आधी फक्त नवरा उभा दिसला, नेहमीसारखा. मग त्याचा हात दिसला. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्हींची कातडी मोजा ओढून काढावा तशी निघाली होती. आत पांढरं हाड होतं. रक्त थोडं उशिरा आलं, जणू त्यालाही बातमी उशिरा कळली.

सासू इंदुताई धावत घरी गेली आणि डबाभर हळद घेऊन आली. ऋतिकनं खिशातली चुन्याची डबी रिकामी केली. गाडीत बसेपर्यंत बोटांना इतकं काही लागलं होतं, की यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणनं फडकं सोडून तो हात दिव्याखाली दोनदा उलटापालटा करून पाहिला.

"बोटं आहेत की लोणचं घातलंय?" मग ती म्हणाली.

"हळद गुणाची असते," इंदुताई म्हणाली.

"पोह्यात," डॉक्टरीण म्हणाली आणि धुवायला घेतलं.

धुऊन झाल्यावर तिनं सगळ्यांना समोर उभं केलं. वयानं ती प्रेरणापेक्षा थोडीच मोठी असेल. हाड उघडं पडलंय, नुसती कातडी चिकटवून ती जगायची नाही, असं तिनं सांगितलं. मग पोटाच्या खाली, जांघेच्या वर, बोट ठेवून दाखवलं. इथली कातडी एका बाजूनं सोडवायची, दुसरी बाजू पोटालाच राहू द्यायची, आणि सुटलेल्या भागात ही दोन बोटं गुंडाळून शिवून टाकायची. तीन आठवडे हात तिथंच. तोवर पोटाचं रक्त बोटांना पोसणार. मग पोटाकडची बाजू कापायची.

सासरे पुंडलिकराव सगळं मान खाली घालून ऐकत होते. "म्हणजे कलम," ते म्हणाले. "संत्र्याचं बांधतो तसं."

"तसंच," डॉक्टरीण म्हणाली. "आणि कलम का मरतं?"

"पाणी तुटलं की."

"इथं तंबाखूनं तुटतं. खर्रा, विडी, गुटखा, काहीही. रक्ताच्या बारीक नळ्या आखडतात. कातडी काळी पडली की बोट कापावं लागेल. हे खातात का?"

कुणी बोललं नाही. नयनचे दात बोलले.

"याच्या तोंडाची जबाबदारी कोण घेतं?"

पुंडलिकरावांनी पंख्याकडे पाहिलं. इंदुताईनं पदर सारखा केला.

"मी घेते," प्रेरणा म्हणाली.

"नक्की?"

"हो."

नयननं तिच्या गळ्याची शपथ घेतली. उजवा हात गुंतलेला होता म्हणून डाव्या हातानं घेतली.

---

हात पोटाला शिवलेला माणूस दिसायला कसा दिसतो, हे पाहायला अर्धं गाव दवाखान्यात येऊन गेलं. लुंगीच्या आत मनगटापर्यंत गेलेला हात, वरून चिकटपट्ट्यांचा जाड पट्टा, आणि माणसाच्या तोंडावर अगदी साधा भाव. आलेले लोक रामराम करत. नयनला हात जोडता येत नव्हते, म्हणून तो एकच हात उचली आणि आशीर्वाद दिल्यासारखं दिसे. दोघी म्हाताऱ्यांनी तर वाकून घेतलाही.

"आंदर कुठपर्यंत गेला गा हात?" एकानं विचारलं.

"आंदर नाही जी. वरच्यावर हाये."

"मंग बाहेर काढत काहून नाही?"

पुंडलिकराव प्रत्येकाला संत्र्याचं कलम समजावून सांगत. तिसऱ्या दिवशी गावात बातमी अशी होती की नयनच्या पोटात नवीन बोटं धरली आहेत आणि दिवाळीपर्यंत तोडायला येतील.

प्रेरणा खाटेखाली चटई टाकून राहत होती. त्याला भरवणं, पुसणं, बाटली धरणं. हात एकाच जागी अडकल्यानं त्याचा खांदा दगडासारखा व्हायचा, तो ती तेल लावून चोळायची. काखेत घाम साचून कातडी पांढरी पडली होती. तिथं फडकं घालून ती फुंकर मारत बसायची. झोपेत त्यानं हात ओढू नये म्हणून स्वतःच्या ओढणीनं तिनं त्याचा कोपर कमरेला बांधला होता. ओढणीचं दुसरं टोक तिच्या मनगटाला. तो हलला की ती उठे.

तिकडे कापूस फुटायला लागला होता. फोनवर इंदुताई म्हणायची, "वेचाले माणूस नाही, तू इथं असती तं." प्रेरणा म्हणायची, "हो आत्याबाई." दुसरं काय म्हणणार होती.

खर्र्यावाचून पहिले दिवस वाईट गेले. नयननं चहाचा कप फेकला. नर्सला शिवी दिली, मग माफी मागितली, मग पुन्हा दिली. डोकं दुखतं म्हणून डाव्या हातानं कपाळ भिंतीला बडवायला गेला, पण भिंत लांब होती.

"थोडासा. चिमटीभर. कोणाले समजन?" तो म्हणाला.

"तुमच्या बोटाले समजन."

"नवऱ्याचे हाल पाहून तुले काहीच वाटत नाही."

"वाटते ना. म्हणूनच देत नाही."

शेजारच्या खाटेवर सदाशिवराव म्हणून एक होते. मांडीचं हाड मोडलेलं, पाय दोरीनं टांगलेला. ते म्हणाले, "पोरी, तू पोलिसात पाह्यजे व्हती." आणि स्वतःच्या रिकाम्या तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळत पडून राहिले.

आणि मग एका सकाळी अंगारा आला.

दारव्ह्याहून येणाऱ्या बसमध्ये भावसिंग वाहक होता, तांड्यावरचा, शब्दाचा पक्का. गावातून दिलेला जेवणाचा डबा तो रोज सांभाळून आणायचा आणि प्रेरणा बसस्टँडवरून तो घेऊन यायची. त्या दिवशी डब्याबरोबर एक लहानशी पुडी होती. लाल कापडात बांधलेली, दोऱ्याचे सात वेढे, कापराचा वास.

"देवाचं हाये म्हणे," भावसिंग म्हणाला. "मी चामड्याच्या बॅगेत नाही ठेवलं, ताई. डोक्याशी टांगलं."

मागोमाग इंदुताईचा फोन आला. "मारोतीचा अंगारा पाठवला. रोज नवा पाठवीन. त्याच्याच हातात देजो. बाईच्या जातीनं सोडून पाहू नाई, मारोती ब्रह्मचारी आहे."

प्रेरणानं पुडी कपाळाला लावली आणि नयनच्या डाव्या हातात दिली. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. दातानं दोरा तोडला. मग बराच वेळ काही बोलला नाही.

"काय झालं?" तिनं विचारलं.

त्यानं बोट ओठावर ठेवलं. मग तेच बोट वर केलं. आभाळाकडे.

"जप चालू दिसते," सदाशिवराव म्हणाले.

नंतर नयननं समजावून सांगितलं. अंगारा जिभेखाली धरायचा, मनातल्या मनात नाव घ्यायचं, तोवर बोलायचं नाही. शेवटी अंगारा पोटात जाऊ द्यायचा नाही, त्यासाठी बाटली लागते. प्रेरणानं बाटली दिली आणि पाठ फिरवली.

त्या दिवशी त्यानं कप फेकला नाही. नर्सला ताई म्हटलं. दुपारी प्रेरणाला म्हणाला, "तू जेवली का?" लग्नाला चार वर्षं झाली होती. हे त्यानं पहिल्यांदा विचारलं. ती संडासात जाऊन थोडी रडली आणि तोंड धुऊन आली.

मग रोज असंच चाललं. ती बसस्टँडवर जायची, जाताना चप्पल काढून हातात घ्यायची, कारण देवाचं आणायचं होतं. पुडी कपाळाला लावायची. तो जप करायचा. वॉर्डात नेहमी फिनाईलचा, औषधांचा, लोकांच्या डब्यांचा वास असायचा. एकदा तिला नयनच्या तोंडाजवळ तंबाखूसारखा वास आला. "सदाशिवरावाकडून येते," नयन म्हणाला. सदाशिवरावांनी ते खाली मान घालून कबूल केलं. ते देव न मानणारे गृहस्थ होते, पण चार दिवसांतच तेही अर्धा अंगारा मागून घेऊ लागले. दोन खाटांवर दोन माणसं मौन धरून पडलेली, असं दृश्य त्या वॉर्डानं आधी कधी पाहिलं नव्हतं. संगीता सिस्टर इतर पेशंटना म्हणायची, "त्यांच्याकडून शिका."

---

दुसरा आठवडा संपत आला तेव्हा पट्टी सोडताना डॉक्टरीण थांबली. मधलं बोट गुलाबी होतं. अंगठ्याशेजारच्या बोटावरच्या कातडीची कड जांभळी दिसत होती, आणि अगदी टोकाला काळी.

तिनं सुईनं टोचलं. टोकातून काहीच आलं नाही.

"खर्रा?" तिनं विचारलं.

"नाही मॅडम," प्रेरणा म्हणाली. "एक दिवस नाही. मी इथंच असते."

डॉक्टरीण तिच्याकडे पाहत राहिली. "मग का व्हावं हे," ती स्वतःशीच म्हणाली. "दोन दिवस पाहू. वाढलं तर ते बोट राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी इंदुताई आणि पुंडलिकराव आले. इंदुताईनं काळी कड पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"मले माहीत व्हतं. सीतादही झालं नाही अवंदा."

कापसाची पहिली वेचणी सुरू करताना त्यांच्याकडे घरच्या सुनेनं सीतादही करायचं असतं. धुऱ्याकडच्या झाडाखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, पहिल्या बोंडाचा कापूस हातानं लांबवून झाडाला गुंडाळायचा. मगच वेचायचं. यंदा सून दवाखान्यात होती, मजूर एकदाच मिळाले, आणि इंदुताईनं तसंच वेचायला घातलं.

"तुमी कराचं होतं ना, आत्याबाई."

"मी काहून करू? सून असताना सासूनं केलं का कधी? तुलेच ध्यान पाह्यजे व्हतं. फोन तं करत होती रोज."

"बोटाचा आन् कापसाचा काय संबंध?" प्रेरणा म्हणाली, पण हळू.

"बोटानंच वेचते ना वं कापूस," इंदुताई म्हणाली.

नयनही म्हणाला, "जाऊन ये एक दिवस. माय आहे इथं." आवाज इतका मऊ होता की तिला वाटलं, खरंच आपलंच चुकलं. आपण याचं तोंड राखलं आणि शेत विसरलो. रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर ती काळी कड होती आणि कड रोज एक बोंड खात होती.

पहाटेच्या बसनं ती गावी गेली. शेतात दव होतं, साडीचा काठ भिजला. खडे मांडले, दहीभात ठेवला, एका बोंडाचा कापूस काढून ओढत ओढत झाडाला गुंडाळला. तिनं काही मागितलं नाही. नुसतं म्हणाली, "माफ कर, माय." आणि परतीच्या बससाठी फाट्यावर आली.

फाट्यावर सोनूचा पानठेला. सोनू नयनच्याच वयाचा, लाकडी फळीवर पन्नी ठेवून सुपारी, तंबाखू आणि चुना तळहातानं घोटत होता.

"वहिनी, बरं झालं आल्या," तो म्हणाला. "आज डबा नाही, तं पुडी तुमीच नेता का? का भावसिंगजवळ देऊ?"

"कोणती पुडी?"

"नयनभाऊची." त्यानं घोटलेली पन्नी मिटली, वर कापराची वडी ठेवली, लाल कापडात गुंडाळली आणि सवयीच्या हातानं दोऱ्याचे वेढे द्यायला घेतले. "काकू कालच सांगून गेली. आजची पुडी पाठवजो म्हणे."

प्रेरणानं सात वेढे होईपर्यंत पाहिलं.

"हे रोज तू बांधतं?"

"मंग. पह्यले काही दिवस काकूनंच बांधली. तिचे हात थरथर कापते आता, गाठ बसत नाही."

"मारोतीजवळ नेऊन आणता का मंग?"

सोनू हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबला. "वहिनी, तुमीच तं मंगवता ना. काकू म्हणे, सूनच म्हणते पाठवा, डोकं दुखते त्याचं, पाहावत नाही मले. सगळे म्हणतात, बायको असावी तं अशी."

"सगळे?"

"सगळे," सोनू म्हणाला, आणि फळी पुसायला लागला. ती आधीच पुसलेली होती.

बस आली. वाहक भावसिंगच होता. "आज तुमीच घेऊन चालल्या काय, ताई," तो म्हणाला, आणि तिच्या हातातल्या पुडीला लांबूनच नमस्कार केला. प्रेरणा खिडकीशी बसली. पुडी मांडीवर होती. तिनं ती कपाळाला किती वेळा लावली होती ते आठवायचा प्रयत्न केला, आणि अनवाणी चाललेला डांबरी रस्ता आठवला. तळपायाला अजून फोड होता. तिनं तो दुसऱ्या पायानं दाबून पाहिला. दुखत होता.

पण तिला राहून राहून आठवत होतं ते दुसरंच. तू जेवली का. हे त्यानं विचारलं होतं, तेव्हा तो नुकताच खर्रा थुंकून मोकळा झाला होता.

---

वॉर्डात सगळे होते. इंदुताई खाटेच्या पायथ्याशी, पुंडलिकराव स्टुलावर, सदाशिवराव टांगलेले. नयननं आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"झालं सीतादही?" इंदुताईनं विचारलं.

"झालं." प्रेरणानं पुडी नयनला दिली. "घ्या. अंगारा."

"ठेव. मंग घेतो."

"देवाचं आहे. शिळं होते."

"बाईनं समोर बसू नाई," इंदुताई म्हणाली.

"मी तिकडं तोंड करते."

ती भिंतीकडे वळून उभी राहिली. भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं. ती एकेक पायरी पाहत गेली. तिनं त्याला वाट करून दिली होती. आता तरी तो म्हणेल, प्रेरणा, हा अंगारा नाही. किंवा नुसताच म्हणेल, आज नको. चित्रातले हात एकमेकांना घासत होते. मागं दातानं दोरा तुटल्याचा आवाज आला. मग पन्नीचा.

ती वळली नाही. दारातून डॉक्टरीण आणि संगीता सिस्टर येत होत्या.

"कसं आहे आज?" डॉक्टरीणनं विचारलं.

नयननं मान हलवली.

"दुखतंय?"

पुन्हा मान.

"तोंडानं बोला."

नयननं बोट वर केलं. आभाळाकडे.

"जप चालू आहे, मॅडम," प्रेरणा म्हणाली.

डॉक्टरीणनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "आ करा."

नयननं डोळे मिटले. माणूस पळून जाऊ शकतो, पण हात पोटाला शिवलेला माणूस फक्त डोळे मिटू शकतो. सिस्टरनं ट्रे धरला. त्यात जे पडलं ते सगळ्या वॉर्डानं मान उंच करून पाहिलं. सदाशिवराव कूस बदलू शकत नव्हते, तरी त्यांनी तोंड तिकडे फिरवलं आणि झोपले. त्यांचा जबडा मात्र हळूहळू हलत होता.

"कधीपासून?" डॉक्टरीण शांतपणे म्हणाली.

संगीता सिस्टरनं ट्रेवर फडकं टाकलं.

"कुणी दिला?"

नयननं आईकडे पाहिलं. इंदुताईनं पदर कपाळावर ओढला. मग त्यानं बापाकडे पाहिलं. पुंडलिकराव पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

"हिनं," नयन म्हणाला.

"काय?"

"हीच आणते. रोज. तुमी विचारा कोणालेही."

"हो मॅडम," संगीता सिस्टर म्हणाली. तिचा आवाज खरंच दुखावला होता. "मी पाहिलंय. रोज सकाळी. कपाळाला लावून देतात."

कुणीतरी हसलं.

"आत्याबाई पाठवत होत्या, मॅडम," प्रेरणा म्हणाली. "मले माहीत नव्हतं आत काय आहे."

ती हे म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं, की खोटं बोलणारा माणूस अगदी याच शब्दांत बोलतो.

"मी तं मारोतीचा अंगारा पाठवत व्हती," इंदुताई म्हणाली. "मी गावात, हे इथं. मधात काय झालं ते मले काय माहीत बापा."

"मामाजी," प्रेरणा म्हणाली. "तुमी सांगा."

पुंडलिकरावांनी घसा साफ केला. सगळे थांबले. "कलमाचं असंच असते," ते म्हणाले. "शंभरात दोनचार मरतात."

डॉक्टरीणनं हातमोजे काढले. "तुम्ही जबाबदारी घेतली होती," ती प्रेरणाला म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला. परवाही विचारलं. माझ्या तोंडावर सांगितलंत, एक दिवस नाही." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्यांचं बोट पट्ट्यानं नाही नेलं. तुम्ही नेलंत."

नयन छताकडे पाहत होता. त्याच्या कोपराला अजून प्रेरणाची ओढणी बांधलेली होती. तिनं ती सोडली, घडी केली, आणि चटईशी जाऊन बसली. थोड्या वेळानं नयन म्हणाला, "बाटली दे ना." तिनं दिली.

---

तिसरा आठवडा झाल्यावर हात पोटापासून सोडवला. अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरापासून कापलं. मधलं बोट वाचलं. ते आता हातातल्या बाकीच्या बोटांचं कुणी लागत नव्हतं. जाड, मऊ, पोटासारखं गोरं, आणि त्यावर पोटावरचे चार केस उगवलेले. लोक ते हातात घेऊन दाबून पाहत. नयन थोडा अभिमानानं दाखवी. त्या बोटाला काही लागत नसे, गरम नाही, गार नाही.

घरी कुणी दवाखान्याचा विषय काढला नाही. इंदुताई पूर्वीसारखी बोलायची, पुंडलिकराव पूर्वीसारखे बोलायचे नाहीत. एकदा रात्री नयन म्हणाला, "त्या वेळी दुसरं काय म्हणू? मायचं नाव घेऊ का डॉक्टरसमोर? म्हातारी आहे ते." प्रेरणानं पुढचं ऐकायला कूस बदलून त्याच्याकडे तोंड केलं. त्याचं बोलणं संपलेलं होतं.

दुसऱ्या वेचणीला गावातल्या बाया होत्या. ऊन चढलं होतं, कमरेच्या ओट्या भरत आल्या होत्या. झाडांच्या दोन ओळींपलीकडच्या पातीतून एक बाई दुसरीला सांगत होती, आणि ते सगळ्या शेताला ऐकू येत होतं. "बोट वाचलं असतं त्याचं. पण बायकोले पाहावलं नाही म्हणे. नेऊन नेऊन दिला."

"जीव असते ना वं नवऱ्यावर," दुसरी म्हणाली. "पण अक्कल पाह्यजे."

नलू, इंदुताईची नणंद, प्रेरणाशेजारच्या पातीत होती. तिनं प्रेरणाकडे पाहिलं. "खरं काय वं हे?"

"असंच म्हणतात," प्रेरणा म्हणाली. बोंडाच्या कडा टोचून तिच्या बोटांच्या नखांशी रक्त येत होतं. ती बोट तोंडात घालायची आणि पुन्हा वेचायची.

तेवढ्यात नयन धुऱ्यावरून आला. खिशातून त्यानं पन्नी काढली. सोनूचा ठेला बंद होता, म्हणून सुटी सुपारी, सुटी तंबाखू आणि चुना असं सगळं त्यानं एकत्र आणलं होतं, आणि ते घोटायला लागणारं बोट दवाखान्यात राहिलं होतं. जाड बोटानं त्यानं एकदोनदा प्रयत्न केला. त्या बोटाला पन्नी कुठं संपते ते कळत नव्हतं. चुना मनगटावर आला.

"प्रेरणा," तो म्हणाला. "जरा घोटून दे."

प्रेरणा सरळ उभी राहिली.

"मी नाही देत."

"काहून?"

"माह्या हातचा खाल्ला की तुमचं बोट जाते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्या पातींना जाईल असा बोलली. "डॉक्टरीनबाईनं सांगतलं. तुमीबी सांगतलं."

कुणी हसलं नाही. नयन पन्नी धरून उभा राहिला, एका हातात अर्धं बोट कमी आणि एक परकं. तो इकडेतिकडे पाहू लागला. मग त्याची नजर जिथं नेहमी जायची तिथं गेली.

"माय," तो म्हणाला. "तू दे."

इंदुताई दोन पाती पलीकडे वाकलेली होती. तिनं वर पाहिलं, आणि सगळ्या बाया तिच्याकडे पाहत आहेत हे तिला दिसलं. ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली. पण लेकराचा हात पुढे आलेला होता, आणि तो हात तसा होता.

तिनं पन्नी घेतली. डाव्या तळव्यावर पसरली, कडा आत मुडपल्या, चुना मधोमध आणला, आणि उजव्या तळहातानं घोटायला लागली. न पाहता. अंदाज बरोबर, जोर बरोबर, कोपऱ्यातली सुपारी नेमकी तंबाखूखाली. मध्येच नाकाशी नेऊन तिनं चुना जास्त नाही ना ते पाहिलं. मग पन्नीला पीळ दिला. पीळ नीट बसला, हात अजिबात कापले नाहीत. मग सवयीनं तिची बोटं पन्नीभोवती वेढे द्यायला लागली. एक, दोन. दोरा नव्हता. तिसऱ्या वेढ्याला ती थांबली.

नयननं पन्नी घेतली आणि धुऱ्याकडे गेला. मघाची बाई ओटीतला कापूस उगीच दाबत होती. नलूनं तोंडाला पदर लावला आणि तो काढला नाही.

"पाती मागं राह्यल्या," शेवटी कुणीतरी म्हणालं.

बाया वाकल्या. इंदुताईनं हाताचा चुना लुगड्याला पुसला. पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली. मग प्रेरणाकडे न पाहता म्हणाली, "तुहीबी ओटी भरली नाही अजून."

प्रेरणानं ओटी सैल करून पुन्हा बांधली आणि पुढच्या झाडाला हात घातला.